पासवर्ड बरोबर, तरी लॉगिनची विंडो पुन्हा पुन्हा: एक प्रकरण अभ्यास

मांडणी नेहमीचीच होती. पुढे अपाची २.४ हा वेब सर्व्हर आणि त्याच मशीनवर मागे जावा ॲप्लिकेशन चालवणारा टॉमकॅट ९. बाहेरची विनंती ४४३ पोर्टवर अपाचीकडे यायची, टीएलएस, म्हणजे एन्क्रिप्शन, तिथेच संपायचं आणि विनंती मागे सोपवणाऱ्या प्रॉक्सीपासच्या एका ओळीमुळे ती ८०८० पोर्टवरच्या टॉमकॅटकडे जायची. टॉमकॅटवर अहवाल दाखवणारं एक ॲप्लिकेशन होतं आणि त्याला स्वतःचं लॉगिन होतं. त्याच्या वेब डॉट एक्सएमएल या सेटिंगच्या फाइलमध्ये बेसिक ही लॉगिनची पद्धत लिहिलेली होती. नावं, पासवर्ड आणि रोल टॉमकॅट-युजर्स डॉट एक्सएमएल या फाइलमध्ये होते. कोणाला कोणता अहवाल दिसणार हे रोलवरून ठरायचं.

पुढे हे ॲप्लिकेशन ऑफिसच्या नेटवर्कबाहेरूनही उघडायचं ठरलं, आणि त्यासाठी अपाचीवर आणखी एक पासवर्ड असावा अशी मागणी आली. मागणी रास्त होती. इंटरनेटवरून येणारा माणूस टॉमकॅटपर्यंत पोहोचण्याआधीच अडवला गेला तर बऱ्याच गोष्टी सुरक्षित राहतात.

पहिल्या प्रयत्नात पासवर्डच्या ओळी डिरेक्टरी ब्लॉकमध्ये लिहिल्या गेल्या. सर्व्हर रीलोड झाला, एरर आली नाही आणि पासवर्डही कुणी विचारला नाही. कारण सरळ आहे: डिरेक्टरी ब्लॉक डिस्कवरच्या फोल्डरला लागू होतो. प्रॉक्सीतून मागे जाणारी विनंती डिस्कवरच्या कुठल्याच फाइलपाशी पोहोचत नाही, त्यामुळे अपाची तो ब्लॉक बघतच नाही. फोल्डरमध्ये ठेवायच्या एचटीॲक्सेस फाइलचंही तेच. प्रॉक्सीच्या पत्त्यांना कुलूप लावायचं तर ते वेब पत्त्याला लागू होणाऱ्या लोकेशन ब्लॉकमध्ये लावावं लागतं. हा दोष पुढे आलेल्या गोंधळापेक्षा जास्त धोकादायक आहे असं मला वाटतं, कारण यात तक्रार करायला कोणी येत नाही. दार उघडं आहे हे आत येणाऱ्याला खटकत नाही. म्हणून पासवर्ड लावल्यावर पहिली चाचणी पासवर्ड न देता करायची, आणि ४०१ (ओळख पटली नाही) हा नकार आलेला डोळ्यांनी पाहायचा.

ओळी लोकेशन ब्लॉकमध्ये हलवल्या आणि खरी अडचण सुरू झाली.

काय दिसत होतं

ब्राउझरने नाव-पासवर्ड विचारला. बरोबर दिला. विंडो पुन्हा आली. पुन्हा दिला, पुन्हा आली. रद्द केलं की ४०१ चं पान.

सगळ्यांचं असं झालं असतं तर शोध सोपा होता, पण काही जण एका झटक्यात आत जात होते. त्यामुळे संशय साहजिकच पासवर्डच्या फाइलवर गेला: काही नोंदी चांगल्या, काही बिघडलेल्या असणार. कुणीतरी फाइल नव्याने बनवायला घेतली आणि ती बनवणाऱ्या एचटीपासवर्ड कमांडला सी पर्याय दिला. हा पर्याय नवी फाइल तयार करतो, आणि त्या नावाची फाइल आधीच असेल तर ती पुसून टाकतो. झालं, बाकी सगळ्यांच्या नोंदी गेल्या आणि मूळ लक्षणंही त्या गडबडीत हरवली. फाइल बॅकअपमधून परत आणल्यावरच शोध पुढे सरकला.

खरं तर फाइलवरचा संशय दोन मिनिटांत फिटतो. अपाची २.४.५ पासून एचटीपासवर्डला व्ही हा पर्याय आहे. तो फाइलमध्ये काहीही न बदलता दिलेला पासवर्ड जुळतो की नाही एवढंच सांगतो. अडकलेल्या माणसांचे पासवर्ड त्याने तपासले. सगळे जुळले. म्हणजे अपाचीच्या हिशेबाने ही माणसं बरोबर होती. तरीही त्यांना कोणीतरी नाकारत होतं.

नाकारतंय कोण?

हा प्रश्न सगळ्यात आधी विचारायला हवा होता. ब्राउझर याचं उत्तर नीट देत नाही. तो जुने नाव-पासवर्ड लक्षात ठेवतो, आपणहून पुन्हा पाठवतो, आणि काही ब्राउझर तर विंडोत रेल्मचं, म्हणजे पासवर्ड मागणाऱ्या विभागाचं, नावही दाखवत नाहीत. म्हणून ब्राउझर बाजूला ठेवून कर्ल या कमांडने एकेक विनंती पाठवायची आणि उत्तरासोबत येणारे माहितीचे हेडर वाचायचे.

पासवर्डशिवाय विनंती केली. उत्तर ४०१, आणि डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-ऑथेंटिकेट हेडरमध्ये रेल्मचं नाव ‘बाह्य प्रवेश’. हे अपाचीत लिहिलेलं नाव, म्हणजे अपाचीने अडवलं. अपेक्षित तेच.

अपाचीच्या फाइलमधला नाव-पासवर्ड देऊन विनंती केली. पुन्हा ४०१, पण या वेळी रेल्म ‘अहवाल’. हे नाव वेब डॉट एक्सएमएलमधलं. अपाचीने आत सोडलं होतं, टॉमकॅट नाकारत होता.

मग टॉमकॅटचा नाव-पासवर्ड दिला. ४०१, रेल्म पुन्हा ‘बाह्य प्रवेश’.

एवढ्यात प्रकरण उलगडलं. पण कर्ल हाताशी नसेल, किंवा झालेल्या घटनेचा नंतर माग काढायचा असेल, तर लॉगवरूनही हे कळतं. अपाचीच्या ॲक्सेस लॉगमध्ये ४०१ च्या ओळीत वापरकर्त्याचं नाव दिसलं की तो अपाचीतून पार झाला असं अनेक जण धरून चालतात. तो पुरावा नव्हे. पासवर्ड चुकला तरी दिलेलं नाव त्या रकान्यात येऊ शकतं. भरवशाची खूण एरर लॉगमध्ये असते. अपाचीने पासवर्ड न जुळल्यामुळे नाकारलं असेल तर एएच०१६१७ क्रमांकाची ओळ येते, नावच सापडलं नसेल तर एएच०१६१८. यातलं काहीच नसेल आणि त्याच क्षणाची ४०१ ची नोंद टॉमकॅटच्या लोकलहोस्ट ॲक्सेस लॉगमध्ये असेल, तर नकार मागून आलेला आहे. दोन्ही लॉग दोन विंडोंत शेजारी उघडून एकच विनंती पाठवली तर शंकेला जागा उरत नाही.

एक हेडर, दोन दावेदार

बेसिक पद्धतीत, आणि हे २०१५ च्या आरएफसी ७६१७ या इंटरनेट मानकात नीट लिहिलेलं आहे, ब्राउझर नाव आणि पासवर्ड मध्ये कोलन घालून जोडतो, त्याचं बेस६४ या संकेतात रूपांतर करतो आणि ऑथरायझेशन या हेडरमध्ये घालून पाठवतो. एका विनंतीत हा हेडर एकच असतो. दोन पहारेकरी, आणि दाखवायला हातात पास एकच. अपाची तो वाचतो, तपासतो, आणि मागे पाठवताना काढून घेत नाही. टॉमकॅटला तोच हेडर जसाच्या तसा मिळतो. टॉमकॅटला वाटतं हा आपल्यासाठीच आहे. तो आपल्या यादीत शोधतो, जुळत नाही, आणि स्वतःच्या रेल्मचं नाव लावून ४०१ देतो. वापरकर्ता मग टॉमकॅटचा पासवर्ड देतो. हेडरमध्ये आता तो बसतो, आणि अपाची अडवतो. हे चक्र थांबण्याचं काही कारणच नाही.

काही जण आत का जात होते, याचंही उत्तर यातच आहे. अपाचीसाठी नवी यादी करताना त्यांनी आपलं जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड दिला होता, त्यामुळे एकच हेडर दोन्हीकडे चालत होता.

आणखी एक उपप्रकार होता आणि त्याने सगळ्यात जास्त वेळ खाल्ला. काहींचं नाव दोन्हीकडे सारखं, पण पासवर्ड वेगळा. तपासणीसाठी त्यांनी अपाचीला वळसा घालून थेट ८०८० वर टॉमकॅटचा बरोबर पासवर्ड दिला. सकाळी चालला, थोड्या वेळाने नाही, मग पुन्हा चालला. अशा लक्षणाला लोक सर्व्हरची लहर म्हणून सोडून देतात, पण याला नेमकं कारण होतं. टॉमकॅटच्या मूळ सर्व्हर डॉट एक्सएमएलमध्ये वापरकर्त्यांच्या यादीभोवती लॉकआउट रेल्म नावाचा संरक्षक घटक असतो. पाच वेळा चुकलं की तो नाव ३०० सेकंदांसाठी बंद करतो. त्या काळात बरोबर पासवर्डही चालत नाही, आणि आणखी एक चूक झाली की घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू होतं. इथे ब्राउझर अपाचीचा पासवर्ड टॉमकॅटपुढे पुन्हा पुन्हा ठेवत होता, म्हणजे पाच चुका व्हायला वेळ लागतच नव्हता. बंद केलेल्या नावाने लॉगिनचा प्रयत्न झाल्याची सूचना टॉमकॅटच्या लॉगमध्ये स्पष्ट उतरली होती. ती वाचायला कोणी लॉग उघडला नव्हता, कारण सगळ्यांचं लक्ष अपाचीकडे होतं.

कोणता मार्ग घ्यायचा

दोन्ही याद्या एकसारख्या ठेवायच्या, ही पहिली सूचना आली. त्या दिवसापुरतं ते चाललं असतं. पण कोणीतरी एका ठिकाणी पासवर्ड बदलणार, दुसऱ्या ठिकाणी विसरणार, आणि हेच प्रकरण नव्याने उभं राहणार. मी याच्या ठाम विरोधात आहे.

दुसरी सूचना: अपाचीने पासवर्ड तपासल्यावर हेडर काढून टाकायचा आणि ॲप्लिकेशनचं लॉगिन बंद करायचं. अपाचीच्या मॉड-हेडर्स मॉड्यूलमध्ये रिक्वेस्टहेडर अनसेट ऑथरायझेशन एवढी एक ओळ पुरते. इथे एक बारकावा आहे. ही ओळ साध्या रूपात ओळख तपासून झाल्यावर लागू होते, म्हणून अपाचीचं काम बिघडत नाही. तिच्या शेवटी अर्ली हा शब्द जोडला तर मात्र हेडर तपासणीच्या आधीच जातो आणि कोणीच आत येऊ शकत नाही. ज्या ॲप्लिकेशनला समोर कोण आहे याच्याशी देणंघेणं नसतं, त्याला हा मार्ग उत्तम. इथे अहवाल माणसानुसार वेगळे होते, त्यामुळे नाव मागे पोहोचणं भाग होतं.

तिसरी सूचना: ॲप्लिकेशनचं लॉगिन फॉर्म पद्धतीचं करायचं. फॉर्मची ओळख सेशनच्या कुकीमध्ये राहते, हेडरशी भांडण उरत नाही. हे तांत्रिकदृष्ट्या स्वच्छ आहे, पण वापरकर्त्याला दोनदा लॉगिन करावं लागतं. जिथे दोन वेगळ्या जबाबदाऱ्या आहेत, उदाहरणार्थ पुढचा पासवर्ड सगळ्या चाचणी गटाला एकच आणि आतलं लॉगिन ज्याचं त्याचं, तिथे मी हेच सुचवेन. इथे दोन्ही याद्यांत माणसं तीच होती.

म्हणून ठरलं असं: पासवर्ड फक्त अपाची तपासेल, टॉमकॅट त्याने सांगितलेलं नाव मानेल, आणि त्या नावाला कोणते रोल आहेत ते स्वतःच्या यादीत बघेल. यासाठी एचटीटीपीऐवजी एजेपी हा वेब सर्व्हर आणि टॉमकॅट जोडणारा प्रोटोकॉल घेतला, कारण त्यात अपाचीने ओळखलेलं नाव विनंतीसोबत मागे नेण्याची सोय मुळातच आहे.

एजेपी जोडताना

पहिल्या रिस्टार्टनंतर पानं ५०३ (सेवा उपलब्ध नाही) देऊ लागली. टॉमकॅटच्या लॉगमध्ये लिहिलं होतं की एजेपीचा कनेक्टर सुरूच झाला नाही, कारण सीक्रेट, म्हणजे दोन्ही सर्व्हरांना ठाऊक असलेला गुप्त शब्द, आवश्यक आहे आणि दिलेलं नाही. यामागे इतिहास आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये घोस्टकॅट नावाने ओळखला जाणारा दोष, सीव्हीई-२०२०-१९३८, उघड झाला. एजेपीच्या ८००९ पोर्टपर्यंत पोहोचणाऱ्या कोणालाही ॲप्लिकेशनच्या आतल्या फाइली वाचता येत होत्या. टॉमकॅट ९.०.३१, ८.५.५१ आणि ७.०.१०० या आवृत्त्यांपासून एजेपी मूळ कॉन्फिगरेशनमध्ये बंद असतो, चालू केला तरी फक्त त्याच मशीनवरच्या पत्त्यावर ऐकतो, आणि सीक्रेट मागतो. इंटरनेटवर सापडणाऱ्या जुन्या सूचना याच्या आधीच्या असतात. त्यांतल्या काही सीक्रेटची सक्ती बंद करा म्हणतात. ते करू नये.

टॉमकॅटमध्ये सीक्रेट लिहिल्यावर ५०३ गेला आणि ४०३ (परवानगी नाही) आला. हे प्रगतीचं लक्षण होतं: आता कनेक्टर चालू होता, पण अपाची सीक्रेट पाठवत नव्हता. अपाचीच्या एजेपी मॉड्यूलला सीक्रेट देण्याची सोय २.४.४२ पासून आहे. प्रॉक्सीपासच्या ओळीत ती जोडली आणि पान उघडलं.

उघडलं, पण पुन्हा टॉमकॅटचा ४०१. नाव मागे पोहोचत होतं, टॉमकॅट ते मानत नव्हता. कनेक्टरवर टॉमकॅट-ऑथेंटिकेशन नावाची सेटिंग असते, तिचं मूळ मूल्य खरं (ट्रू) असतं, म्हणजे ओळख टॉमकॅट स्वतःच पटवणार. ते खोटं (फॉल्स) केलं. आता पहिलं पान आलं, उजव्या कोपऱ्यात माणसाचं नावही आलं, आणि अहवालावर क्लिक केलं की ४०३. या पद्धतीत टॉमकॅट नाव घेतो पण त्याला एकही रोल देत नाही, आणि अहवाल रोलवर अडवलेले होते.

इथे लागते ती टॉमकॅट-ऑथरायझेशन ही दुसरी सेटिंग. ती खरी केली की ओळख वेब सर्व्हरची आणि अधिकार टॉमकॅटच्या यादीतले, अशी विभागणी होते. ती खरी असताना पहिल्या सेटिंगचा काही परिणाम उरत नाही. त्यानंतर अहवाल उघडले. अट एकच राहिली: अपाचीच्या यादीतलं नाव टॉमकॅटच्या यादीत अक्षरशः तसंच हवं. नाव सापडलं नाही तर टॉमकॅट माणूस आत घेतो, पण रिकाम्या हाताने, एकाही रोलशिवाय. म्हणून नव्या यादीत ज्यांनी वेगळी नावं घेतली होती त्यांची नावं जुन्यांसारखी करून घेतली.

ऑथरायझेशन हेडर मागे जाऊ न देण्याची ओळही ठेवली. आता ॲप्लिकेशनला पासवर्डची गरज नव्हती, आणि बेस६४ म्हणजे काही एन्क्रिप्शन नव्हे. एखाद्या डीबग लॉगमध्ये हेडर उतरले तर पासवर्ड कोणालाही वाचता आला असता.

नाव हेडरमधून न्यायचं असेल तर

सगळीकडे एजेपी शक्य नसतं. एनजिनएक्स या दुसऱ्या वेब सर्व्हरमध्ये तो मुळातच नाही. तिथे प्रॉक्सी-सेट-हेडरने ऑथरायझेशनला रिकामं मूल्य दिलं की तो मागे जात नाही, आणि ओळखलेलं नाव रिमोट-युजर या व्हेरिएबलमधून वेगळ्या हेडरमध्ये घालता येतं. अपाचीत हेच करताना अनेकांच्या ॲप्लिकेशनला नावाऐवजी कंसातला नल, म्हणजे रिकामं मूल्य, मिळतो, कारण ते नाव त्या टप्प्यावर एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये आलेलंच नसतं. अपाची २.४.१० पासून एक्स्प्रेशनच्या रूपात लिहायची सोय आहे, ती वापरली की नाव बरोबर येतं. कोणतीही पद्धत घ्या, हेडर जोडू नका, बदलून टाका. बाहेरून आलेल्या विनंतीत कोणी तो हेडर स्वतः घालून पाठवला असेल तर तो पुढच्याच सर्व्हरवर पुसला गेला पाहिजे.

हेच भांडण दुसऱ्या वेषातही भेटतं. पुढे बेसिक पासवर्ड, आणि मागचं ॲप्लिकेशन ऑथरायझेशन हेडरमध्येच बेअरर टोकन (पासवर्डऐवजी दाखवायचा डिजिटल पास) पाठवणारं. लॉगिनचं पान उघडतं, पण पुढची प्रत्येक एपीआय विनंती अपाची ४०१ देऊन परत पाठवतो, कारण बेसिकच्या जागी टोकन आलेलं असतं. जावा ॲप्लिकेशनची सुरक्षा पाहणाऱ्या स्प्रिंग सिक्युरिटीत बेसिक चालू असेल तर त्याची उलट बाजू दिसते: सर्वांसाठी खुलं ठेवलेलं पानही ४०१ देतं, कारण हेडर दिसला की तो तपासला जातो आणि चुकीचा असला की विनंती तिथेच संपते. तपासण्याची रीत दोन्हीकडे तीच. रेल्म वाचा, दोन्ही लॉग पाहा.

मागचं दार

टॉमकॅट आता अपाचीच्या शब्दावर विश्वास ठेवत होता. मग अपाचीला टाळून टॉमकॅटपर्यंत जाता येतं का, हा प्रश्न त्याच कामाचा भाग होता. एसएस कमांडने ऐकणारे पोर्ट पाहिले. ८००९ फक्त १२७.०.०.१ वर, म्हणजे त्याच मशीनपुरता, होता. ८०८० मात्र सगळ्या पत्त्यांवर उघडा होता, आणि जुने पासवर्ड तिथे अजून चालत होते. एजेपी आल्यावर त्याची गरजच उरली नव्हती. तरी स्थानिक तपासणीसाठी तो ठेवला आणि कनेक्टरला १२७.०.०.१ हा पत्ता दिला. दोन सर्व्हर दोन मशीनवर असते तर इथे फायरवॉलचा नियमही लागला असता.

सर्व्हर जिवंत आहे का हे पाहणाऱ्या देखरेखीला ४०१ मिळू लागला होता. तिच्या एका पत्त्यासाठी लोकेशनचा वेगळा ब्लॉक मुख्य ब्लॉकच्या खाली लिहून तो खुला केला. क्रम महत्त्वाचा, कारण नंतरचा ब्लॉक आधीच्यावर मात करतो. ॲप्लिकेशनमधली लॉगआउटची लिंक काढून टाकली. बेसिकमध्ये ब्राउझर पुढच्या क्लिकला पासवर्ड पुन्हा पाठवतो, त्यामुळे ती लिंक वापरकर्त्याला खोटा दिलासा देत होती.

राहिलं एकच. दुसऱ्या मशीनवरची एक स्क्रिप्ट रोज रात्री थेट ८०८० वरून एक अहवाल उचलत होती. ती बंद पडली तेव्हाच ती आहे हे कळलं. तिच्यासाठी अपाचीच्या फाइलमध्ये वेगळं नाव काढलं, टॉमकॅटच्या यादीत त्या नावाला तेवढ्या एकाच अहवालाचा रोल दिला आणि तिचा पत्ता ४४३ कडे वळवला. पासवर्ड कमांडच्या ओळीत न लिहिता नेटआरसी फाइलमध्ये ठेवला, आणि ती फाइल फक्त स्क्रिप्ट चालवणाऱ्या खात्याला वाचता येईल अशी परवानगी दिली.